समुद्रांतील देवराई

आमच्या दिवाणखान्यांतील कांचेच्या कपाटांत पांढऱ्या प्रवाळाचा एक मुठीएवढा तुकडा पुष्कळ वर्षें पडून आहे. आमच्या आजोबांच्या वेळीं तो कोणीं आणिला, हें आज घरांत कोणासच सांगतां येत नाहीं. दर दिवाळीला कपाट पुसतांना तो बाहेर निघतो, त्याच्या भोंकांतील धूळ मऊ कुंचल्यानें झाडली जाते, आणि शिसवी हत्ती व काशीहून आणिलेला गंगेचा गडू यांच्यामध्यें तो पुन्हां आपल्या जागीं जाऊन बसतो. गेल्या मार्गशीर्षांत आम्ही सहकुटुंब मालवणास जाऊन आलों. परत आल्यावर आमच्या धाकट्या पुतणीनें तो तुकडा हातांत घेऊन विचारलें, "काका, हें झाड कीं दगड?" आम्हीं सांगितलें, "दोन्ही नव्हे. हा प्राणी, निदान जिवंत होता तेव्हां तरी होता." त्यावर ती सहज म्हणाली, "मग आपण त्याला कपाटांत कां ठेवलें?"

ह्या प्रश्नाला उत्तर देतांना आमची जी तारांबळ उडाली, तिच्यांतूनच प्रस्तुत लेख निघाला आहे. वाघासाठीं जंगल राखावें, हें आतां शाळेंतील मुलांनाही पटलें आहे. परंतु समुद्राचाही कांहीं भाग असाच राखावयाचा असतो, त्यासाठीं आपल्या देशांत राष्ट्रीय उद्यानें आहेत, आणि आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरही असें एक राखीव क्षेत्र आहे, ही गोष्ट किती घरांना ठाऊक असेल, याची आम्हांस शंका वाटते. मालवणास जाईपर्यंत आम्हांलाही ती केवळ ऐकून ठाऊक होती.

प्रवाळ म्हणजे काय?

प्रवाळाविषयीं सुशिक्षित घरांतही बराच गैरसमज असतो. नवरत्नांतील तांबडें पोवळें आंगठींत बसवितात म्हणून तें रत्न. त्याला फांद्या फुटल्यासारख्या दिसतात म्हणून तें झाड. आणि हाताला टणक लागतें म्हणून तो दगड, असे तीन पक्ष आमच्याच घरांत निघाले. वस्तुस्थिति अशी कीं, अत्यंत लहान व मऊ शरीराच्या प्राण्यांचें तें एकत्र कुटुंब होय. खडक रचणाऱ्या जातींतील प्रत्येक प्राणी आपल्या बुडाशीं चुन्याची वाटी घडवितो. पिढ्यान्‌पिढ्या अशा वाट्या एकीवर एक चढत जातात, आणि त्यांचाच पुढें खडक बनतो. ह्या प्राण्यांच्या अंगांत सूक्ष्म शैवालें भाडेकऱ्यांसारखीं राहतात. सूर्यप्रकाशावर तीं अन्न तयार करितात, त्यांतला मोठा वाटा घरमालकाला देतात, आणि प्रवाळाला रंगही बहुतांशीं त्यांच्यामुळेंच येतो. पाणी नेहमींपेक्षां एखाद्-दुसऱ्या अंशानें अधिक तापलें व कांहीं आठवडे तसेंच राहिलें, तर हा भाडेकरार मोडतो. शैवालें निघून जातात आणि प्रवाळ पांढरें फटक पडतें. पाणी लवकर निवलें तर तें सांवरतें. नाहीं तर उपासमारीनें मरतें.

गोलाकार व घट्ट जातीचें प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर, कधीं त्याहूनही कमी वाढतें. म्हणजे आमच्या कपाटांतील तुकडा घडावयास, मुलगा मुंजीच्या वयाचा व्हावा, इतकीं वर्षें लागलीं असावींत. आणि तो मोडून घ्यावयास लागला असेल एक क्षण. प्रवाळांच्या खडकांनीं समुद्राच्या तळाचा शेंकडा एक भागसुद्धां व्यापिलेला नाहीं. तथापि समुद्रांतील ज्ञात जातींपैकीं सुमारें चतुर्थांश जातींना आयुष्यांत केव्हां ना केव्हां ह्या खडकांचा आसरा लागतो, असें शास्त्रज्ञ सांगतात. कोणी तेथें अंडीं घालतात, कोणाचीं पिलें तेथील भेगांत वाढतात, कोणी केवळ रात्रीपुरते मुक्कामाला येतात.

आमच्या वाचकांत मासळी वर्ज्य मानणारीं घरें पुष्कळ आहेत. तशींच कालवणावांचून पान सुनें मानणारीं सारस्वत घरेंही आहेत. पहिल्यांनीं हा विषय परका समजूं नये आणि दुसऱ्यांनीं तो केवळ जिभेचा समजूं नये, एवढीच आरंभीं विनंति आहे.

मालवणची रेघ

सिंधुदुर्गाचा पाया शिवछत्रपतींनीं १६६४ सालीं कुरटे बेटावर घातला, हें सर्वांस माहीत आहे. पायाच्या दगडांत शिसें ओतलें, ही हकीकतही प्रसिद्ध आहे. होडींतून किल्ल्याकडे जातांना पाण्यांतून डोकें वर काढणारे काळे खडक दिसतात. अनोळखी जहाजाचा तळ फोडण्यास ते समर्थ आहेत, आणि दुर्गाचें निम्में बळ त्यांच्यांतच होतें. ज्या खडकांनीं शत्रूला दूर ठेविलें, त्यांनींच समुद्रांतील जिवांना घर दिलें. त्यांच्या अंगाखांद्यावर प्रवाळ वाढलें, शैवाल रुजलें, शिंपले चिकटले आणि कपारींत शेवंडी राहिल्या. लक्षद्वीपाप्रमाणें येथें प्रवाळांचीं मोठमोठीं वर्तुळें नाहींत. पावसाळ्यांत गढूळ होणाऱ्या पाण्यांतही तग धरणारीं, चिवट जातींचीं, विखुरलेलीं अशीं हीं प्रवाळें आहेत.

ह्या परिसराला महाराष्ट्र शासनानें १९८७ सालीं सागरी अभयारण्य म्हणून घोषित केलें. त्याचें एकंदर क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे. त्यांत सिंधुदुर्ग, पद्मगड व आसपासचे खडक मिळून सुमारें ३.१८ चौरस किलोमीटरांचा गाभा, आणि त्याभोंवतीं सुमारें २५.९४ चौरस किलोमीटरांचा बाह्य पट्टा, अशी विभागणी आहे. एवढें सारें कागदावर आहे. पाण्यावर मात्र आम्हांस त्याची कोणतीच खूण दिसली नाहीं. होडी गाभ्यांत केव्हां शिरली, हें आम्हांस कळलें नाहीं. नांगर कशावर पडला, हें आम्हीं विचारलें नाहीं. आणि पाण्यांत उतरल्यावर दम लागला, तेव्हां आमच्यांतील दोघे-तिघे ज्या उंचवट्यावर पाय टेकून उभे राहिले, तो उंचवटा जिवंत होता, हें वर आल्यावर समजलें. हा दोष दुसऱ्या कोणाच्या माथीं मारण्याची आमची इच्छा नाहीं.

परततांना आमच्या वृद्ध होडीवाल्याला आम्हीं अभयारण्याविषयीं विचारलें. तो कांहीं वेळ वल्हें मारीत राहिला आणि मग म्हणाला, "दर्यावर रेघ मारूची तर मारा, पण मारूच्या आदी आमकां इचारा." ह्या एका वाक्यांत समुद्ररक्षणाचा सगळा प्रश्न आला आहे, असें आम्हांस तेव्हांपासून वाटत आलें आहे.

जंगलाचा कायदा, पाण्याचें राज्य

आपल्याकडील अभयारण्यें व राष्ट्रीय उद्यानें १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें चालतात. दोहोंत भेद आहे. अभयारण्यांत स्थानिक लोकांचे कांहीं हक्क चालूं ठेवतां येतात. राष्ट्रीय उद्यान करावयाचें तर त्या जागेवरील खासगी हक्क संपवावे लागतात. कायद्याचा मूळ सांचा जंगलाचा आहे. त्यांत चराईचा विचार आहे, वणव्याचा आहे, शिकाऱ्याच्या बंदुकीचा आहे. हाच सांचा पुढें समुद्राला लाविला गेला.

त्या सांच्यांतून आपल्या देशांत जीं सागरी राष्ट्रीय उद्यानें झालीं, त्यांतील पहिलें कच्छच्या आखाताचें. जामनगरच्या किनाऱ्यावर १९८० मध्यें आधीं अभयारण्य झालें आणि १९८२ मध्यें त्यांतील सुमारें १६३ चौरस किलोमीटरांचें राष्ट्रीय उद्यान झालें. येथें ओहोटी इतकी दूर जाते कीं नरारा येथें गुडघाभर पाण्यांत चालत प्रवाळ पाहतां येतें. अंदमानांत वंडूर येथें १९८३ मध्यें महात्मा गांधींच्या नांवाचें उद्यान झालें. त्यांत १५ बेटें येतात. रामेश्वर ते तुतिकोरीन यांच्या दरम्यान मन्नारच्या आखातांतील २१ बेटें मिळून १९८६ मध्यें तिसरें झालें. पुढें १९९६ मध्यें अंदमानांतच राणी झांशीच्या नांवानें आणखी एक उद्यान घोषित झालें.

ह्या उद्यानांचा इतिहास पाहिला म्हणजे कळतें कीं, समुद्राचा शत्रु सहसा हद्दीच्या आंत येऊन उभा राहत नाहीं. कच्छच्या आखातांत एके काळीं सिमेंटासाठीं प्रवाळमिश्रित वाळू उपसली जात असे. आज त्याच आखातांत तेलाचीं मोठीं बंदरें व शुद्धीकरणाचे कारखाने आहेत, आणि तेलाच्या वाहिन्या उद्यानाच्या क्षेत्रांतून जातात. मन्नारच्या आखातांत चुन्यासाठीं प्रवाळ इतकें खणलें गेलें कीं, २१ पैकीं दोन बेटें पाण्याखालीं गेलीं. जंगलाला चर खणतां येतो, तारेचें कुंपण घालतां येतें, नाक्यावर रखवालदार बसवितां येतो. समुद्रांत माशांचीं अंडीं लाटेबरोबर वाहत जातात. नदीच्या मुखांतून येणारा गाळ परवाना विचारीत नाहीं. आणि तापलेलें पाणी तर कोणत्याच हद्दीला जुमानीत नाहीं. १९९८, २०१० व २०१६ सालीं आणि पुन्हां २०२३ पासून जगांतील प्रवाळें मोठ्या प्रमाणावर पांढरीं पडलीं, त्यांत अत्यंत दक्षतेनें राखलेलीं उद्यानेंही होतीं.

मग रेघ मारून उपयोग काय, असा प्रश्न वाचक विचारतील. उपयोग आहे. आजाऱ्याला ताप आला म्हणून त्याचें अन्नपाणी कोणी तोडीत नाहीं. उलट तापांतून उठावयास तीच शक्ति कामी येते. ज्या खडकावर नांगर पडत नाहींत, ज्यावरील शैवाल चरून साफ ठेवणारे मासे शिल्लक आहेत आणि ज्यावर गाळ बसत नाहीं, त्या खडकाला उष्णतेच्या आघातानंतर सांवरण्याची संधि अधिक मिळते. शिवाय माशांच्या वयाचीही एक गोष्ट आहे. अमेरिकेकडे आपल्या तांबोशीच्याच गोत्रांतला एक लाल मासा आहे. त्याची ६१ सेंटिमीटर लांबीची एक मादी, ४२ सेंटिमीटरांच्या दोनशेंहून अधिक माद्यांइतकीं अंडीं घालते, असें गणित तेथील शास्त्रज्ञांनीं मांडलें आहे. थोडक्यांत, समुद्राचा संसार आज्या-पणज्यांवर चालतो. आणि आज्या-पणज्यांना सुखानें म्हातारें होऊं देणारी जागा कोठें तरी राखावी लागते.

देवराई कोणीं राखली?

ही कल्पना आपल्याला नवी नाहीं. सह्याद्रींतील व कोंकणांतील गांवांत देवराया आहेत. तेथील काटकीसुद्धां घरीं न्यावयाची नाहीं, हा दंडक कोणत्याही सरकारी कायद्याच्या पूर्वींचा आहे. देवराई टिकली ती रखवालदारामुळें नव्हे. ती आपली आहे व तिच्यावर आपल्या देवाची नजर आहे, हें अख्ख्या गांवानें मानिलें होतें म्हणून ती टिकली. ज्या गांवांत हें मानणें सैल झालें, तेथें कुऱ्हाड शिरली.

समुद्रावरही असा दंडक होता. आषाढ-श्रावणांत होड्या ओढून घ्यावयाच्या, जाळीं विणीत बसावयाचें, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करूनच पुन्हां पाण्यांत जावयाचें, हा कोळी-गाबितांचा नेम होय. खवळलेल्या समुद्रापासून जिवाचें रक्षण हा त्याचा एक हेतु. परंतु पुष्कळ मासे त्याच सुमारास अंडीं घालतात, त्यामुळें तें समुद्राचेंही रक्षण होतें. आज पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची सरकारी बंदी असते, ती ह्याच नेमाची धाकटी बहीण म्हणावी लागेल. देवराई जागेनें राखलेली, तर नारळी पौर्णिमेचा नेम काळानें राखलेला. दोन्हींमागें सक्ति थोडी आणि संमति पुष्कळ होती.

मालवणच्या अभयारण्यांत नेमकी हीच संमति राहून गेली. घोषणेपासूनच तेथील मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला. उद्यां आमची रापण बंद होईल, होडी लावावयास जागा उरणार नाहीं, ही त्यांची भीति. शहरांत बसून तिला अडाणीपणा म्हणणें सोपें आहे. परंतु कायद्यांतच पुढें १९९१ सालीं जी दुरुस्ती झाली, तिच्यांत प्रादेशिक समुद्राचा भाग अभयारण्यांत घ्यावयाचा असल्यास स्थानिक मच्छीमारांच्या धंद्याच्या हिताचें पुरेसें रक्षण करूनच त्याची हद्द ठरवावी, असें स्पष्ट घातलें गेलें. मालवणची रेघ त्यापूर्वीं चार वर्षें मारली गेली होती. होडीवाल्याचें म्हणणें आणि कायद्याचें म्हणणें ह्यांत शेवटीं फारसें अंतर राहिलें नाहीं. फक्त कायदा उशिरां आला.

दुसरा एक जलदुर्ग

ह्या ठिकाणीं सिंधुदुर्गासारख्याच दुसऱ्या एका जलदुर्गाची हकीकत सांगण्याजोगी आहे. अमेरिकेंत फ्लोरिडाच्या टोंकाशीं की वेस्ट नांवाचें गांव आहे. त्याच्या पश्चिमेस सुमारें ११० किलोमीटरांवर समुद्रांत फोर्ट जेफर्सन हा किल्ला आहे. १८४६ सालीं तो बांधावयास घेतला. त्याला दीड कोटींहून अधिक विटा लागल्या, आणि तरी तो कधींच पुरा झाला नाहीं. किल्ल्यासह तो परिसर अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं १९३५ सालीं राष्ट्रीय स्मारक म्हणून राखून ठेविला, आणि १९९२ सालीं त्याचें ड्राय टॉर्टुगास नांवाचें राष्ट्रीय उद्यान झालें. ह्या उद्यानाचा बहुतेक सर्व भाग पाणीच आहे.

उद्यान होऊनही हौशी गळकऱ्यांना तेथें मुभा होती आणि मासे घटत होते. तेव्हां १९९८-९९ च्या सुमारास त्या एकंदर परिसराचा विचार करण्यासाठीं धंदेवाईक मच्छीमार, हौशी गळकरी, पाणबुडे, शास्त्रज्ञ, पर्यावरणवादी व सरकारी अधिकारी अशा २५ जणांना एकत्र बसविण्यांत आलें. मासे अंडीं घालावयास कोठें जमतात, हें ज्ञान मच्छीमारांपाशीं होतें, तेंही नकाशावर आलें. शेवटीं सर्वांच्या एकमतानें सीमा सुचविल्या गेल्या. लगतच्या समुद्रांत २००१ सालीं राखीव क्षेत्रें झालीं, आणि २००७ सालीं उद्यानाच्याच पोटांत सुमारें ११९ चौरस किलोमीटरांचा एक भाग असा राखला गेला कीं, तेथें गळ टाकावयाचा नाहीं व नांगरही टाकावयाचा नाहीं. होडी बांधावयाची ती पाण्यांत कायम तरंगत ठेवलेल्या बोयांना.

ह्याच परिसरांतील रायलीज हम्प नांवाच्या बुडालेल्या उंचवट्यावर तांबोशीच्याच गोत्रांतील एक जात पूर्वीं अंडीं घालण्यास जमत असे. मासेमारीनें तो मेळा जवळजवळ मोडला होता. राखीव क्षेत्र झाल्यावर कांहीं वर्षांनीं तेथें पुन्हां हजारों माशांचे थवे जमूं लागल्याचें शास्त्रज्ञांनीं पाहिलें. अमेरिकेजवळ पैसा आहे, गस्तीच्या नौका आहेत, हें खरें. परंतु आधीं विचारावें व मग रेघ मारावी, ह्याला पैसा फारसा लागत नाहीं.

माहेरवाशिणीची गोष्ट

आपल्याच देशांतही संमतीनें काय होतें, याचें उदाहरण आहे. गुजरातेंत वेरावळच्या बाजूस व्हेल शार्क नांवाचा प्रचंड परंतु निरुपद्रवी मासा येतो. यकृताच्या तेलासाठीं व मांसासाठीं त्याची मोठी शिकार होत असे. २००१ सालीं कायद्यानें त्याला पहिल्या परिशिष्टांत घालून पूर्ण संरक्षण दिलें. परंतु भर समुद्रांत जाळ्यांत अडकलेल्या माशाची चौकशी करणार कोण? २००४ मध्यें वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया ह्या संस्थेनें किनाऱ्यावर मोहीम चालविली आणि कथाकार मोरारीबापूंनीं लोकांना सांगितलें कीं, हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरीं आलेली लेक आहे. ही उपमा मच्छीमारांच्या मनाला भिडली. जे लोक त्या माशाला मारीत होते, तेच स्वतःचीं जाळीं कापून त्याला सोडूं लागले. फाटलेल्या जाळ्याची भरपाई देण्याची व्यवस्था गुजरात शासनानें केली, आणि आजवर असे शेंकडों मासे सुटले. पुढें महाराष्ट्रांतही संरक्षित जीव सोडण्यासाठीं जाळें कापणाऱ्या मच्छीमारास भरपाई देण्याची योजना आली. रत्नागिरी जिल्ह्यांत वेळास येथें चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनें २००२ पासून कांसवांचीं अंडीं राखण्याचें काम गांवकऱ्यांच्या साहाय्यानें उभें केलें. पूर्वीं जीं अंडीं चोरीस जात, त्यांतून निघालेलीं पिलें आज समुद्रांत सोडतांना पाहावयास दूरदूरचे लोक जातात.

घरांत हा विषय निघाला असतां आमच्या वडील बंधूंनीं एक आक्षेप घेतला, तो नमूद करणें न्याय्य होईल. ते म्हणाले, "सर्वांना विचारीत बसलें तर राखावयाला कांहीं उरणारच नाहीं. कायदा हा शेवटीं कायदा." त्यांत तथ्य आहे. बाहेरून येऊन तळ खरडून नेणारे ट्रॉलर, संबंध थवाच वेढणारीं पर्ससीन जाळीं, रात्रीं झगझगीत दिवे लावून केलेली मासेमारी, ह्यांना गोड बोलून थांबवितां येत नाहीं. तेथें दंडच हवा. २०१६ मध्यें राज्य शासनानें पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले आणि २०१७ मध्यें केंद्र शासनानें दिव्यांच्या मासेमारीस बंदी केली. परंतु लक्षांत घेण्याची गोष्ट अशी कीं, हे निर्बंध नीट पाळले जावेत, गस्त वाढावी, म्हणून ओरडा करणाऱ्यांत सिंधुदुर्गांतील पारंपरिक मच्छीमारच पुढें आहेत. अभयारण्याला विरोध करणारे आणि समुद्र राखा म्हणणारे लोक एकच आहेत. त्यांना प्रतिपक्ष समजून केलेलें रक्षण कागदावरच राहणार; त्यांना यजमान समजून केलेलें रक्षण पाण्यावर उतरेल. शेजाऱ्याशीं संमति आणि दरोडेखोरास दंड, असा विवेक ठेविला म्हणजे बंधूंचें म्हणणें व होडीवाल्याचें म्हणणें एकमेकांस छेदीत नाहींत.

पुढें काय?

कायद्यांत आतां पूर्वींपेक्षां मोकळ्या वाटा आहेत. २००२ च्या दुरुस्तीनें राष्ट्रीय उद्यान व अभयारण्य ह्यांच्या जोडीला संवर्धन राखीव क्षेत्र असा प्रकार आला. तो करतांना स्थानिक लोकांशीं विचारविनिमय करावाच लागतो. तामिळनाडु शासनानें २०२२ मध्यें पाल्कच्या उपसागरांत समुद्रगायीसाठीं सुमारें ४४८ चौरस किलोमीटरांचें असें क्षेत्र घोषित केलें.

आपल्या किनाऱ्यासमोरही एक मोठा प्रश्न वाट पाहत आहे. विजयदुर्गापासून सुमारें १०५ किलोमीटर खोल समुद्रांत एक बुडालेलें पठार आहे. त्याचा माथा पाण्याखालीं सुमारें २० मीटरांवर असून त्यावर प्रवाळांची मोठी वसाहत आहे. सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या नांवावरून त्याला आंग्रिया बँक म्हणतात. प्रादेशिक समुद्राची हद्द १२ सागरी मैलांवर, म्हणजे सुमारें २२ किलोमीटरांवर संपते. तेव्हां अभयारण्याचा किंवा उद्यानाचा कायदा तेथें पोंचत नाहीं. त्यासाठीं १९७६ च्या सागरी क्षेत्रांच्या कायद्याचा आधार घ्यावा लागेल, आणि तो अधिकार केंद्र शासनाचा आहे. २०३० पर्यंत पृथ्वीवरील जमिनीचा व समुद्राचा शेंकडा ३० भाग राखावा, असें उद्दिष्ट २०२२ च्या डिसेंबरांत माँट्रिआल येथें राष्ट्रांनीं ठरविलें आहे. ह्या घाईंत नकाशावर पुष्कळ रेघा ओढल्या जातील. त्या ओढण्यापूर्वीं मालवणची आठवण ठेवावी, एवढेंच आमचें सांगणें.

आतां घरापुरतें. मे महिन्यांत व दिवाळींत आमच्या वाचकांपैकीं पुष्कळजण कोंकणांत उतरतील. त्यांनीं होडींत बसण्यापूर्वींच होडीवाल्याला विचारावें कीं, बाबा, नांगर वाळूवर टाकशील ना? प्रवाशानें विचारलें म्हणजे होडीवाल्यालाही त्याचें महत्त्व वाटतें. पाण्यांत उतरावयाचें तर तरंगावें. थकल्यास दोरीला धरावें, खडकावर उभें राहूं नये. मुलांच्या हौसेखातर माशांना पाव-बिस्किटें टाकूं नयेत. तें त्यांचें अन्न नव्हे. जिवंत शिंपला किंवा शंख उचलूं नये. प्रवाळाचा तुकडा कोणी विकावयास आणिला तर घेऊं नये; खडक रचणाऱ्या सर्व प्रवाळांना २००१ पासून वाघाइतकेंच कायद्याचें संरक्षण आहे, हें त्याला नम्रपणें सांगावें. ज्या घरांत मासळी येते, तेथील गृहिणींनीं बोटाएवढी सुरमई वा पापलेट परत करावें. महाराष्ट्र शासनानें २०२३ मध्यें अनेक जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली आहे, आणि ती पाळविण्यास बाजारांतल्या सुज्ञ गिऱ्हाइकाइतका प्रभावी अधिकारी दुसरा नाहीं.

आमच्या पुतणीचा प्रश्न मात्र अद्यापि शिल्लक आहे. तो तुकडा समुद्रांत परत टाकून आतां कांहीं होणार नाहीं; त्यांतील कुटुंब केव्हांच गेलें. फेकून द्यावयास मन होत नाहीं. शेवटीं तिनेंच एक चिठ्ठी लिहून त्याच्याखालीं ठेविली आहे. तिच्यांत मोठ्या, वांकड्या अक्षरांत लिहिलें आहे: "हा प्राणी होता. ह्याला कोणीं विचारलें नाहीं." घरीं येणारे पाहुणे ती वाचतात आणि कपाटापाशीं थोडा वेळ थांबतात.